दुकान, परवाना आणि मालकीचा कागद

अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या इतिहासात रॉबर्ट स्मॉल्स हे नाव येते ते बहुधा एका रात्रीपुरते. १३ मे १८६२ च्या पहाटे, यादवी युद्ध ऐन भरात असताना, चार्ल्स्टन बंदरातल्या ‘प्लँटर’ या दक्षिणेच्या लष्करी आगबोटीवरचे गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले होते. तेवीस वर्षांच्या या गुलाम सुकाणूवाल्याने ती संधी साधून बोट हाकारली, वाटेत आपली आणि सोबत्यांची बायकामुले घेतली, कप्तानाची टोपी डोक्यावर चढवून किल्ल्यांवरच्या तोफांसमोरून नेमक्या खुणेच्या शिट्ट्या देत ती बाहेर काढली आणि उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. एवढा रोमांचक प्रसंग बाकीचे आयुष्य झाकून टाकतो, आणि स्मॉल्स यांच्या बाबतीत तसेच झाले. पण हेच स्मॉल्स पुढे १८६८ ते १८७४ अशी सहा वर्षे साउथ कॅरोलायना राज्याचे आमदार होते: दोन वर्षे खालच्या सभागृहात, चार वर्षे सिनेटमध्ये. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या दुकानदाराला, कारागिराला, दहा एकरांच्या शेतकऱ्याला उभे करण्यासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळात जे केले, ते मला त्या रात्रीइतकेच मोलाचे वाटते. त्यातले काय टिकले आणि काय वाहून गेले हे पाहिले, तर लहान धंद्याला राज्याचा खरा आधार कशात असतो हे कळते. त्यांनी स्वतः काढलेले धंदे बुडाले किंवा हातचे गेले; टिकली ती कायद्याने शाबीत झालेली मालकी.

गुलामीच्या काळातही चार्ल्स्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या हातात धंदे होतेच. सुतार, लोहार, शिंपी, कोळी, हमाल, फळे विकणाऱ्या बाया यांच्यावर शहराचा रोजचा व्यवहार चाले. मालक आपल्या गुलामाला बाहेर कामाला लावी, मजुरी स्वतः घेई, आणि त्यासाठी नगरपालिकेकडून दरवर्षी तांब्याचा बिल्ला विकत घ्यावा लागे. त्या बिल्ल्यावर धंद्याचे नाव, क्रमांक आणि साल कोरलेले असे. स्मॉल्स स्वतः बाराव्या वर्षापासून असेच राबले. रस्त्यावरचे दिवे लावले, हॉटेलात वाढप्याचे काम केले, गोदीत मालाची चढउतार केली, जहाजांचे दोर-शिडे बांधली, आणि शेवटी सुकाणू हाती आले. मजुरी मालकाकडे जाई. सुरुवातीला आठवड्याचा एक डॉलर त्यांच्याजवळ राही. बायको आणि मुलगी यांना विकत घेऊन सोडवायची किंमत ८०० डॉलर ठरली होती, आणि कितीतरी काटकसर करून जमले होते १००. कसब होते, बाजार होता, गिऱ्हाईक होते. नव्हता तो आपल्या कमाईवरचा हक्क.

युद्ध संपले, गुलामी गेली, आणि राज्यातल्या जुन्या सत्ताधाऱ्यांनी सर्वांत आधी काय केले? डिसेंबर १८६५ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळी संहिता मंजूर केली. शेतमजुरी आणि घरकाम सोडून दुसरा कोणताही धंदा करायचा असेल तर कृष्णवर्णीयाने जिल्हा न्यायाधीशाकडून परवाना घ्यायचा, तोही एकाच वर्षाचा. दुकानदाराला आणि फेरीवाल्याला त्यासाठी १०० डॉलर, कारागिराला १० डॉलर. गोऱ्यांना अशी कसलीच अट नव्हती. शेतमजुराला महिनाकाठी दहा-बारा डॉलर मिळताना मारामार होती, तिथे शंभर डॉलरचा परवाना म्हणजे बंदीच. ही संहिता फार दिवस चालली नाही. जानेवारी १८६६ मध्ये लष्करी अधिकारी जनरल डॅनियल सिकल्स यांनी ती रद्द ठरवली. पण तिने हेतू उघड केला होता. मताच्या हक्काचा प्रश्न अजून यायचा होता, त्याआधीच दुकानाच्या फळीला कुलूप घालण्याची तजवीज झाली होती. मुक्त झालेला माणूस स्वतःचे दुकान टाकील, तर उद्या तो शेतावर मजुरीला येणार नाही, हे जुन्या मळेवाल्यांना नेमके कळत होते. म्हणून त्या काळातल्या कृष्णवर्णीय आमदाराने लहान धंद्याची बाजू घेणे हे राजकारणाच्या कडेला केलेले समाजकार्य नव्हते. तेच त्याचे मुख्य राजकारण होते.

स्मॉल्स यांचे गाव ब्यूफर्ट या बाबतीत बाकी राज्यापेक्षा वेगळे होते. नोव्हेंबर १८६१ मध्येच उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयल घेतले, मळेवाले पळाले आणि मागे राहिले हजारो गुलाम. मालकांनी केंद्राचा कर भरला नाही म्हणून त्यांच्या जमिनी-घरांचे लिलाव झाले. त्यांतल्या काही जमिनी पुढे लहान लहान तुकड्यांनी मुक्त झालेल्या लोकांना विकल्या गेल्या. स्मॉल्स यांनी ‘प्लँटर’च्या बक्षिसातून मिळालेल्या पैशाच्या बळावर लिलावात एक घर घेतले, आणि ते होते त्यांच्या जुन्या मालकाचे, ज्याच्या आवारात ते गुलाम म्हणून जन्मले होते. युद्धानंतर लवकरच त्यांनी रिचर्ड ग्लीव्ह्ज यांच्या भागीत मुक्त झालेल्या लोकांसाठी दुकान काढले. हेच ग्लीव्ह्ज पुढे राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले. त्याच सुमारास स्मॉल्स यांनी मुलांच्या शाळेसाठी एक इमारतही मिळवून दिली. स्वतः ते लिहायला-वाचायला शिकले होते ते वयाच्या पंचविशीत.

एक दुकान काढले यात काय मोठे, असे वाटू शकते. पण युद्धानंतरच्या दक्षिणेत दुकान ही सत्तेची जागा होती. बँका बुडालेल्या, रोकड नाही. बी, मीठ, कापड, खाद्य सगळे उधारीवर, आणि तारण म्हणून अजून शेतात उभे राहायचे असलेले पीक. दुकानदार हाच सावकार, आणि पुष्कळदा तोच जमीनमालक. या पकडीचा नमुना म्हणून १८७६ चा कंबाही नदीकाठच्या भातमळ्यांतला संप पाहण्यासारखा आहे. तिथे मजुरी रोख मिळत नसे; कागदी चिठ्ठ्या मिळत, आणि त्या चालत फक्त मळेवाल्याच्या दुकानात, तो सांगेल त्या भावाने. मजुरांनी काम थांबवले, वातावरण तापले, तेव्हा गव्हर्नरांना ज्यांच्यावर भिस्त ठेवावी लागली त्यांत स्मॉल्स होते. तोवर ते वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये गेलेले होते, तरी ते मजुरांच्या जमावात जाऊन बोलले, त्यांना शांत केले, आणि दोष या चिठ्ठ्यांच्या पद्धतीचा आहे असे गव्हर्नरांना कळवले. मजुराला रोख पैसा आणि दुसऱ्या दुकानाची वाट, या दोन्ही मिळाल्याशिवाय तो मोकळा होत नाही, हे स्मॉल्स यांना अनुभवाने माहीत होते. त्यांचे ब्यूफर्टचे दुकान या उजेडात पाहिले पाहिजे.

साउथ कॅरोलायनाचे १८६८ चे विधिमंडळ अमेरिकेच्या इतिहासात एकमेव होते: खालच्या सभागृहात कृष्णवर्णीयांचे बहुमत. त्याआधीच्या घटना परिषदेत स्मॉल्स यांनी सर्वांसाठी मोफत सार्वजनिक शाळांचा आग्रह धरला, आणि नव्या राज्यघटनेने कर्जापायी तुरुंगात टाकण्याची चाल बंद केली. कर्जबाजारी कारागिराच्या दृष्टीने हे कलम किती मोठे! १८६९ मध्ये याच विधिमंडळाने भूमी आयोग नेमला. राज्याने मळे विकत घ्यावेत, तुकडे पाडावेत आणि भूमिहीनांना दहा वर्षांच्या मुदतीने, सहा टक्के व्याजाने द्यावेत, अशी योजना. दक्षिणेतल्या दुसऱ्या कोणत्याही राज्याने असे केले नाही. पुढच्या वीस वर्षांत सुमारे १४ हजार कुटुंबे कधी ना कधी या जमिनींवर वसली. सिनेटर रिचर्ड केन हे चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चचे पाद्री. त्यांनी रेल्वेमार्गाजवळ जमीन घेऊन कृष्णवर्णीय कुटुंबांना प्लॉट विकले आणि लिंकनव्हिल हे गाव वसवले. त्याच वर्षांत, १८७३ साली, पुण्यात बांधकामाची कंत्राटे घेणारे जोतीराव फुले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण करीत होते. त्या अर्पणपत्रिकेचा उल्लेख आपल्याकडे वारंवार होतो, पण मुक्त झालेल्यांनी पुढे पोट कसे भरले आणि त्यासाठी कोण झगडले, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

यावर पहिला आक्षेप येतो तो धंद्यांच्या अपयशाचा, आणि तो खरा आहे. १८७० मध्ये स्मॉल्स, केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार्ल्स्टनच्या धक्क्यांवरून रेल्वेच्या ठाण्यापर्यंत माल व उतारू नेणारी घोड्यांची ट्राम काढली. ‘एंटरप्राइझ रेलरोड’ तिचे नाव, आणि संचालक जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. काही वर्षांतच तिची मालकी गोऱ्यांकडे गेली. शिवाय ही ट्राम चालली असती तर धक्क्यावरच्या गाडीवानांचा धंदा कमी झाला असता, आणि ते गाडीवानही बहुतांशी कृष्णवर्णीयच होते. आमदारांनी स्वतःच कंपन्या काढायच्या आणि त्यांना सनद देणाऱ्या सभागृहात स्वतःच बसायचे, यात हितसंबंधांची गुंतागुंत आहे. त्या काळी गोऱ्या आमदारांतही ती सर्रास होती, पण म्हणून ती योग्य ठरत नाही. मुक्त झालेल्यांची बचत ज्या बँकेत होती ती फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँकही जून १८७४ मध्ये बुडाली. ६० हजारांहून अधिक ठेवीदारांचे पैसे अडकले. ती केंद्राच्या सनदेने चाललेली होती आणि तिचे बुडणे राज्याच्या आमदारांच्या हाती नव्हते, पण ब्यूफर्टच्या शिंप्याला किंवा कोळ्याला या भेदाचे काय?

दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. भूमी आयोगाच्या पहिल्या वर्षांत निकस जमिनी फुगवलेल्या भावाने घेतल्या गेल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. खुद्द स्मॉल्स यांच्यावर सरकारी छपाईच्या प्रकरणात ५ हजार डॉलर लाच घेतल्याचा खटला झाला आणि १८७७ मध्ये ते दोषी ठरले. या निकालाकडे मी विश्वासाने पाहू शकत नाही. खटला झाला तो जुन्या सत्ताधाऱ्यांचे राज्य परत आल्यावर. मुख्य साक्ष होती ती त्याच छपाई प्रकरणात पुरत्या गुंतलेल्या माफीच्या साक्षीदाराची. आणि १८७९ मध्ये माफी मिळाली ती राजकीय तडजोडीत, निवडणुकीतल्या गुन्ह्यांचे दुसऱ्या बाजूवरचे केंद्राचे खटले मागे घेण्याच्या बदल्यात. पण समजा निकाल बरोबर होता, तरी मूळ प्रश्नाला धक्का लागत नाही. भूमी आयोगाची घडी १८७२ मध्ये फ्रान्सिस कार्डोझो यांनी नीट बसवली, हिशेब लावले, आणि लोकांना जमिनी मिळाल्या त्या त्यानंतरच अधिक. घोटाळ्यामुळे योजना मोडीत काढण्याऐवजी ती दुरुस्त करण्याचे हे उदाहरण त्याच विधिमंडळाचे आहे, आणि टीकाकार ते सहसा सांगत नाहीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हे सगळे केंद्राच्या फौजेच्या बळावर चालले होते, फौज १८७७ मध्ये मागे गेली आणि खेळ संपला, आमदारांनी काय केले याला मग किंमत किती? याचे उत्तर स्मॉल्स यांच्या घराच्या दाव्यात आहे. जुन्या मालकाच्या बाजूने हक्क सांगणाऱ्या डी ट्रेव्हिल यांनी लिलावातली विक्रीच बेकायदा असल्याचा दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७८ च्या सत्रात निकाल लागला: करवसुलीच्या लिलावाचे प्रमाणपत्र हा मालकीचा ग्राह्य पुरावा आहे, स्मॉल्स यांची मालकी कायम. फौज गेलेली होती, राज्यात विरोधकांची सत्ता होती, स्वतः स्मॉल्स दोषी ठरलेले होते, तरी हा निकाल उभा राहिला. निकाल एका घराचा, पण ब्यूफर्ट भागात त्याच लिलावांतून आलेल्या जमिनींवर कसणाऱ्या कितीतरी कुटुंबांची मालकी त्याच पायावर उभी होती. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागण्याचे जे मोल आहे, तेच इथे होते. दुकान बुडते, कंपनी विकली जाते, निवडणूक हरता येते. पण निर्विवाद मालकी असेल तर पुढचा व्यापारी त्या तारणावर बी उधार देतो, कारागीर मागच्या खोलीत भट्टी लावतो.

जुन्या सत्ताधाऱ्यांनाही हे समजत होते. १८९५ च्या घटना परिषदेत मतदाराने वाचून दाखवावे किंवा ३०० डॉलरच्या मालमत्तेवर कर भरलेला असावा, अशी अट घालण्यात आली, आणि वाचनाचा निवाडा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. परिषदेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते फक्त सहा, त्यांपैकी पाच एकट्या ब्यूफर्टचे, आणि त्यांत स्मॉल्स. जिथे लोकांपाशी स्वतःची जमीन होती तिथूनच हे पाच जण निवडून येऊ शकले, हा मला योगायोग वाटत नाही. त्यांनी कडाडून विरोध केला, हरले, आणि स्मॉल्स यांनी त्या घटनेवर सही करायला नकार दिला.

मालकीची लढाई तिथे अजून चालू आहे. ब्यूफर्टच्या आसपासच्या बेटांवरच्या पुष्कळ जमिनी मृत्युपत्राविना वारसांत वाटल्या गेल्या; दूरच्या एखाद्या वारसाचा हिस्सा बाहेरच्याने घ्यायचा आणि वाटपाचा दावा लावून सगळी जमीन लिलावात काढायची, अशी युक्ती समुद्रकाठच्या जमिनींना भाव आल्यावर सर्रास झाली. तारण ठेवायला कागद नसल्याने अशा जमिनीवर दुकानासाठी कर्जही मिळत नाही. २०१६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून इतर वारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याची संधी आणि योग्य भावाची हमी दिली. त्या कायद्याला सिनेटर क्लेमेंटा पिंकनी यांचे नाव आहे. ब्यूफर्टचा काही भाग त्यांच्या मतदारसंघात होता, ते केन यांच्याच इमॅन्युएल चर्चचे पाद्री होते, आणि जून २०१५ मध्ये त्याच चर्चमध्ये एका वर्णद्वेष्ट्याने त्यांची आणि इतर आठ जणांची गोळ्या घालून हत्या केली.