४२६ पैकी ४: एका इशाऱ्याची गोष्ट

'सॅम्पल साइझ' हे प्रकरण आपण बहुतेक जण परीक्षेपुरतंच वाचतो. मीही तसंच वाचलं होतं. ते खरं कळलं एचआयव्हीच्या औषधांचा इतिहास वाचताना. म्हणून आज तोच सांगतो.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने एचआयव्हीबाधित स्त्रियांना गर्भधारणा लांबणीवर टाकायचा सल्ला दिला. तेव्हा हातात औषधच नव्हतं. १९९४ मध्ये एसीटीजी ०७६ या चाचणीचा निकाल आला. झिडोव्हुडिन दिल्यावर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलं. पुढे तीन औषधांची एआरटी आली, ते आणखी खाली गेलं आणि प्रश्नच बदलला. 'मूल होऊ द्यावं का?' याऐवजी 'दिवस जाण्याआधी तयारी काय करायची?' ही तयारी म्हणजे गर्भधारणापूर्व काळजी: व्हायरल लोड आधीच आटोक्यात आणणं, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करणं, जोडीदाराची तपासणी आणि गर्भाला चालेल असं औषध निवडणं.

खरी अडचण या शेवटच्या मुद्द्यात आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यापासून बनतात ती न्यूरल ट्यूब गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणजे औषध सुरक्षित आहे का, हे गर्भ राहताना ते घेत असलेल्या स्त्रियांकडूनच कळणार. पण औषधांच्या चाचण्यांतून गरोदर स्त्रियांना सहसा वगळतात. मग डेटा येणार कुठून?

तो बोत्सवानातून आला. तिथे २०१४ मध्ये 'त्सेपामो' अभ्यास सुरू झाला. मूळ शंका एफाव्हिरेन्झ या औषधाबद्दल होती. सरकारी रुग्णालयांत जन्मलेल्या बाळांची सुईणी तपासणी करून नोंद करत. २०१६ मध्ये त्या देशाने डोल्युटेग्रॅव्हिर हे नवं, जास्त प्रभावी औषध आणलं, आणि नोंदी आपोआप त्याच्याही होऊ लागल्या.

मे २०१८ मध्ये आकडा आला. गर्भ राहताना डोल्युटेग्रॅव्हिर घेणाऱ्या ४२६ स्त्रियांच्या बाळांपैकी ४ जणांत न्यूरल ट्यूबचा दोष होता. म्हणजे ०.९४ टक्के, इतर एआरटीवर हेच प्रमाण ०.१२ टक्के होतं. जागतिक आरोग्य संघटनेने सावधगिरीचा इशारा दिला. काही देशांत मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना हे औषध मिळणं अवघड झालं. जुलैमध्ये आफ्रिकेतल्या एचआयव्हीबाधित स्त्रिया किगालीत जमल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: धोका आम्हाला समजावून सांगा, निवड आम्ही करू.

आता छेदाकडे बघा. २०१९ मध्ये १,६८३ पैकी ५, म्हणजे ०.३० टक्के. २०२२ पर्यंत ९,४६० पैकी १०, म्हणजे ०.११ टक्के. फरक जवळजवळ मावळला. संघटनेने तर २०१९ मध्येच हे औषध सगळ्यांसाठी पसंतीचं ठरवलं होतं.

मग २०१८ चा इशारा चूक होता का? मला तसं वाटत नाही. ४ बाळं दिसल्यावर गप्प बसणं जास्त वाईट ठरलं असतं. ०.९४ चं ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.३७ ते २.४ होतं, अनिश्चितता तिथेच लिहिलेली होती. चूक झाली ती 'अजून मोजतोय' या वाक्याचा अर्थ 'स्त्रियांना देऊ नका' असा लावण्यात.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये टक्केवारी लिहाल तेव्हा शेजारी छेद लिहा. आणि त्या आकड्यावरून निर्णय कोणाच्या आयुष्याचा होणार आहे, हेही एकदा स्वतःला विचारा.