चाचणी ओळखणारी गाडी

८ ऑक्टोबर २०१५ रोजी फोक्सवॅगनच्या अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख मायकेल हॉर्न अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला बसले. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता, की हा कंपनीचा निर्णय नव्हता. एक-दोन सॉफ्टवेअर इंजिनिअरांनी, कारणं काहीही असोत, हे करून ठेवलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि होस्टेलवर आम्ही या उत्तराला मनापासून हसलो होतो. पुढे नोकरीला लागलो. एका बटणाचा रंग बदलायलाही तीन जणांची मंजुरी लागते हे कळलं, तेव्हा ते उत्तर पुन्हा आठवलं. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत जाणारा कोड दोघांनी गुपचूप लिहायचा म्हणजे कमालच.

आधी भानगड काय होती ते सांगतो. डिझेल इंजिनात ज्वलनाचं तापमान जास्त, त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइड्स तयार होतात. ते कमी करायला धूर पुन्हा इंजिनात फिरवावा, तर काजळी वाढते आणि फिल्टर लवकर खराब होतो. युरियाची टाकी बसवावी, तर खर्च वाढतो आणि ती पुन्हापुन्हा भरावी लागते. अमेरिकेची मर्यादा मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला साधारण ४३ मिलिग्रॅम. त्याच काळात युरोपात १८० चालत होते. मायलेज, ताकद, किंमत आणि स्वच्छ धूर हे सगळं एकदम जमत नव्हतं. जाहिरात मात्र 'क्लीन डिझेल'ची करायची होती.

मग चाचणीकडे लक्ष गेलं. आपल्याकडे पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालून कागद हातात देतो, तसं ते नसतं. गाडी रोलर्सवर चढवतात आणि ठरलेल्या आलेखाप्रमाणे वेग कमी-जास्त करत चालवतात. अमेरिकेतल्या प्रमाणित चाचणीत १,८७४ सेकंदांत सुमारे १७.८ किलोमीटर. आलेख जाहीर असतो आणि दर वेळी तोच असतो. फेलिक्स डोम्के नावाच्या जर्मन संशोधकाने इंजिनाच्या कंट्रोल युनिटमधला कोड उकलला आणि डिसेंबर २०१५मध्ये हॅकर मंडळींच्या परिषदेत दाखवला. त्यात वेळ आणि कापलेलं अंतर यांचा एक पट्टा आखलेला होता. गाडी त्या पट्ट्यात राहिली तर ती चाचणीवर आहे. बाहेर पडली तर रस्त्यावर आहे, मग नियंत्रण सैल. या भागाला नाव होतं 'अकूस्टिक', म्हणजे आवाजाशी संबंधित. नाव बघून कुणाला शंका येऊ नये, इतकं निरुपद्रवी.

ही युक्ती काही फोक्सवॅगनचा शोध नव्हता. १९७३च्या मॉडेलांत तापमान ओळखून प्रदूषण-नियंत्रण बंद करणारे स्विच बसवल्याबद्दल याच कंपनीला १९७४ साली १ लाख २० हजार डॉलर भरावे लागले होते. १९९५मध्ये पाळी जनरल मोटर्सची आली. कॅडिलॅक गाड्या एसी चालू असताना जास्त इंधन घेत होत्या, आणि त्या काळी चाचणी एसी बंद ठेवून होत असे! दंड १ कोटी १० लाख डॉलर, परत बोलावलेल्या गाड्या सुमारे ४ लाख ७० हजार.

१९९८चं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचीच चर्चा कमी होते. कॅटरपिलर, कमिन्स, व्होल्वो यांच्यासह ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्यांवर आरोप होता, की इंजिनातलं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण चाचणीत एक वागतं आणि हायवेवर एकसारख्या वेगाने चालताना दुसरं. ८ कोटी ३४ लाख डॉलरचा दंड झाला. पण तडजोडीतली दुसरी अट जास्त परिणामकारक ठरली: धूर आता रस्त्यावरच मोजायचा. त्यासाठी गाडीत घेऊन फिरता येईल असं उपकरण लागणार होतं. ते विकसित करण्याचं काम वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात झालं.

पंधरा वर्षांनी त्याच विद्यापीठातल्या छोट्या गटाने, एका स्वयंसेवी संस्थेच्या पैशावर, तीन डिझेल गाड्या तपासायला घेतल्या. कुणाला पकडायचं नव्हतं. अमेरिकेत डिझेल स्वच्छ असू शकतं, तर युरोपात का नाही, एवढंच दाखवायचं होतं. डिकीत उपकरणं आणि जनरेटर ठेवून पसाट लॉस एंजलिसहून सिएटलपर्यंत नेली. जेटाने मर्यादेच्या १५ ते ३५ पट, पसाटने ५ ते २० पट धूर सोडला. तिसरी गाडी बीएमडब्ल्यूची होती. ती बहुतांशी मर्यादेत राहिली. मे २०१४मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला.

यानंतरचं सव्वा वर्ष मला मूळ चोरीपेक्षा भयंकर वाटतं. कंपनी तांत्रिक सबबी देत राहिली आणि वर ग्राहकांना सॉफ्टवेअर अपडेटसाठी बोलावलं. रोलर्सवर चाकं फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही. पुढे न्यायालयात कंपनीने मान्य केलेल्या तथ्यांनुसार, या काळातल्या अपडेटमध्ये स्टिअरिंगच्या कोनावरून चाचणी ओळखण्याची सोय घातली होती. म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली चोरी आणखी अचूक केली. ३ सप्टेंबर २०१५ला अखेर कबुली दिली आणि १८ सप्टेंबरला सरकारी नोटीस निघाली.

भारतातला धागा थेट पुण्यात येतो. वेताळ टेकडीवरच्या एआरएआयने चाचण्या केल्या आणि डिसेंबर २०१५मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २४ हजार गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९मध्ये ५०० कोटींचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. इथे रस्त्यावरच्या धुराला मर्यादाच ठरलेली नव्हती, हा कंपनीचा युक्तिवाद. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य होतं, हे कबूल करावं लागतं. रस्त्यावरच्या चाचणीची सक्ती आपल्याकडे एप्रिल २०२३पासून आली.

आणि ते इंजिनिअर? जेम्स लियांग १९८३पासून कंपनीत होते. ऑगस्ट २०१७मध्ये त्यांना ४० महिन्यांची शिक्षा झाली. ते सूत्रधार नव्हते. वरून आलेलं अशक्य काम त्यांनी शक्य करून दाखवलं. आमच्या धंद्यात अशा माणसाला चांगलं अप्रेझल मिळतं.

माझ्या पहिल्या नोकरीत ग्राहकाकडून स्वीकृती चाचणी होणार होती. रिपोर्ट उघडायला अकरा सेकंद लागत होते, करारात तीन लिहिलेले. चाचणीची लॉगिनं आम्हाला आधीच माहीत होती. 'तेवढ्या अकाउंटांसाठी रिपोर्ट आधीच तयार करून ठेव, नंतर बघू,' असं लीड म्हणाला. त्याच्या आवाजात दडपण नव्हतं, थकवा होता. मी पाच ओळी लिहिल्या. रिव्ह्यू करणाऱ्याने एकच सूचना केली: व्हेरिएबलचं नाव बदल, 'टेस्ट' हा शब्द नको. मी बदललं. चाचणी पास झाली, संध्याकाळी पिझ्झा आला. पुढे दीड वर्ष मी तिथे होतो. ती अट काढायचं तिकीट माझ्याच नावावर होतं, आणि निघालो तेव्हाही उघडंच होतं.