नावातला चिखल

नदीतली वाम आपल्याकडे ओळखीची, ती बहुतेकांना कालवणातून. तिचे काटेरी भाऊबंद लोक काचेच्या टाकीतही पाळतात. म्हणजे, पाळायचा प्रयत्न करतात. लांबट सापासारखं अंग, सोंडेसारखं हलणारं नाक आणि पाठीवर सुट्या काट्यांची रांग. (इंग्रजीत यांना ईल म्हणत असले तरी खऱ्या ईलच्या गणात ते मोडत नाहीत.)

युरोपातल्या पंडितांच्या डोळ्यांत भरले ते काटेच. ब्लॉखने १७८६ मध्ये एका जातीला 'अॅक्युलिएटस' म्हणजे काटेरी म्हटलं, तर लासेपेदने १८०० मध्ये आपल्या वाम माशाला 'आर्मेटस', म्हणजे सशस्त्र! दोघांपैकी कुणी हिंदुस्थानात आलं नव्हतं.

फ्रान्सिस बुकॅनन मात्र आला होता. कंपनीचा डॉक्टर, पुढे हॅमिल्टन आडनाव लावणारा. १८१५ मध्ये तो मायदेशी निघाला तेव्हा त्याने जमवलेली चित्रं सरकारने कलकत्त्यातच ठेवून घेतली. काय वाटलं असेल बिचाऱ्याला! तरीही १८२२ मध्ये त्याचं गंगेतल्या माशांवरचं पुस्तक निघालं. त्यात त्याने कितीतरी देशी नावं लॅटिनमध्ये तशीच बसवली: रोहिता, कटला, मृगाला. आणि एका छोट्या काटेरी माशाला नाव दिलं 'पंकालस'. बंगालीत पाँकाल. पाँक म्हणजे चिखल, आपल्या पंकजातला पंक. चिखलात राहूनही अंगाला चिखल न लागणारा हा मासा रामकृष्ण परमहंस संसारी माणसांना दाखला म्हणून सांगत.

म्हणजे पत्ता नावातच होता. पण १८५० च्या सुमारास लंडनमध्ये वॉरिंग्टनने वनस्पती, मासे आणि गोगलगायी एकत्र ठेवून पाणी ताजं राखून दाखवलं, १८५३ मध्ये तिथल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, आणि मासा ही बघायची वस्तू झाली. आता हा प्राणी दिवसभर गाळात रुतून बसणारा! त्याला दुकानात रंगीत, टोकदार खड्यांवर ठेवतात. तो सवयीने आत घुसू पाहतो, अंग खरचटतं, जखमा चिघळतात. मासा नाजूक आहे असं मग आपणच म्हणायचं. त्यात वीतभर असताना विकला जाणारा 'फायर ईल' पुढे तीन फुटांच्या आसपास जातो, हे दुकानदार क्वचितच सांगतो.

बारीक वाळूचा जाड थर आणि फट नसलेलं झाकण, ही याची मुख्य गरज. (फट दिसली की हा बाहेर.) मग दिवसा टाकी रिकामीच दिसते आणि पाहुणे विचारतात, मासा कुठाय? रात्री दिवे मालवून गांडूळ टाकलं की वाळूतून आधी नुसतं नाक वर येतं.