दारू शरीराचे काय करते आणि सोडताना काय सांभाळावे?

पंचशीलातले पाचवे शील आणि बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी एक थेट मद्यपानाविषयी आहे. तरीही वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हमखास विचारले जाते, "थोडी घेतली तर काय बिघडते?" जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की, दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही.

'थोडी' म्हणजे तरी किती? ३० मिली व्हिस्की किंवा रममध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे एका क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. ८ टक्के स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम. बिअर पिणारा स्वतःला दारुड्यांत मोजत नाही, यकृत मात्र मोजते.

यकृतात आधी चरबी साठते, मग सूज येते, शेवटी सिरोसिस. चरबीच्या टप्प्यावर पिणे थांबवले तर यकृत बहुतेक वेळा पूर्ववत होते. पण तेव्हा काही दुखत नसते, म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. जोडीला तंबाखू असेल तर तोंडाचा धोका कितीतरी अधिक.

घरात बाटली न ठेवणे, आठवड्यातले कोरडे दिवस वाढवत नेणे, पगार आधी घरी देणे, हे उपाय ज्याला अजून व्यसन जडलेले नाही त्याच्यासाठी. सकाळी हात थरथरतात म्हणून पिणाऱ्याची गोष्ट वेगळी. अशा माणसाने जयंतीला शपथ घेऊन एका दिवसात दारू तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भास होतात, माणूस बरळतो. काही घरांत याला 'बाहेरचे' समजून मांत्रिकाकडे नेतात. प्रत्यक्षात यात जीव जाऊ शकतो, ताबडतोब रुग्णालयात न्यावे. शपथ जरूर घ्यावी, पण आधी डॉक्टरांना भेटून. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात औषधे आणि जीवनसत्त्व ब-१ देऊन हे दिवस पार पाडता येतात.

'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातीतली पावडर जेवणात कालवू नये. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना त्या माणसाने दारू प्यायली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. त्याऐवजी १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करावा. तो घरच्यांनी केला तरी चालतो.