नवरीच्या छायाचित्रातील मार्दव

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तर तीरावर अफझलगंज ही पेठ आहे. पाचवे निजाम अफझलउद्दौला (कारकीर्द १८५७ ते १८६९) यांचे नाव तिला लाभले आहे. नदीवरील पुलावरून जुन्या शहरात जाणारा रस्ता याच पेठेतून जातो. त्या शहरातील घरंदाज स्त्रिया पूर्वी पडद्यात राहत. छायाचित्रणाची विद्या हैदराबादेत रुळल्यानंतरही त्यांची मुद्रा काचेवर उमटणे दुर्घटच होते.

ही अडचण निजामांचे छायाचित्रकार दीनदयाळ यांनी ओळखली. १८४४ साली मेरठजवळील सरधन्यात जन्मलेल्या या कलावंताने १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी चित्रशाळा उघडली व ती केनी-लेव्हिक या बाईंच्या स्वाधीन केली. १८९४ साली सहाव्या निजामांनी त्यांना ‘राजा’ हा किताब दिला.

पडद्याची अडचण दूर झाली, तरी दुसरी उरलीच. त्या काळच्या सर्वसाधारण काचांवरील लेप निळा प्रकाश चटकन टिपी. तांबड्या व पिवळ्या रंगांना मात्र तो जवळजवळ आंधळा होता. कपाळीचे कुंकू काळे ठरे, निळे लुगडे पांढुरके दिसे आणि हळदीने उजळलेली नवरी छायाचित्रात काळवंडे. लग्नाच्या दिवशी जे तेज साऱ्या मांडवाने पाहिले, तेच नेमके काच नाकारी.

यावर उपाय होता रिटचिंगचा. निगेटिव्ह काचेवर राळेचे पातळ द्रावण लावीत आणि अणकुचीदार पेन्सिलीने बारीक ठिपके भरीत. येथे सारा व्यवहार उलटा असतो. काचेवर जेथे शिसे चढते, तेथे कागदावर उजळपणा येतो. चाकूने खरवडावे, तेथे काळोखी वाढते. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात म्युनिकच्या हान्फ्स्टेंगल यांनी असे संस्कार केलेले चित्र मांडून लोकांना चकित केले होते. पुढे १८६६ साली डालमायर यांनी रेषांची धार हवी तेवढी सौम्य करता येईल असे भिंग काढले. कडा धूसर करून मुखाभोवती शुभ्र वलय ठेवण्याची रीतही रूढ झाली.

आरंभी ही पेन्सिल काचेचा दोष निवारीत होती. १९०६ साली सर्व रंग टिपणाऱ्या काचा बाजारात आल्या आणि ते निमित्त सरले. पेन्सिल मात्र खाली ठेवली गेली नाही. यंत्राच्या चुकीची भरपाई करणारा हात आता मुखाचीच चूक काढू लागला. सावळा वर्ण, देवीचे व्रण, भुवईवरील खूण हे सारे उणे ठरले. गोऱ्या वधूची मागणी करणाऱ्या समाजाने ही उणीव शोधली. कारागिराने ती केवळ पुसली.

आज पेन्सिलीची जागा संगणकाने घेतली आहे. प्रश्न बदललेला नाही. दोष चित्राचा असेल तर तो अवश्य दूर व्हावा. पण मुखावरची खूण पुसली गेली, तर नातवंडांच्या हाती आजीचे चित्र येईल, आजी येणार नाही. जुनी काच उजेडासमोर धरली की पेन्सिलीचे ठिपके निदान दिसत तरी. आजच्या चित्रात तेवढीही साक्ष सहसा उरत नाही.