जंगल तुटलं की कार्बन किती सुटतो? हिशोब असा मांडतात

दोडामार्ग, सावंतवाडी भागात खासगी जंगल तोडून काजू, रबराच्या बागा झाल्या. लांबून बघितलं तर सगळं हिरवंच. पण कार्बनच्या हिशोबात दोन्ही सारखं नाही.

हा अंदाज आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेनुसार काढतात. किती हेक्टर जमीन बदलली आणि हेक्टरी कार्बनचा साठा किती घटला, यांचा गुणाकार. समजा, एका हेक्टरवर, म्हणजे अडीच एकरांत, झाडोऱ्याचं सुकं वजन १०० टन होतं. त्यातला साधारण ०.४७ भाग कार्बन, म्हणजे ४७ टन. त्याला ४४/१२ ने गुणलं की सुमारे १७२ टन कार्बन डायऑक्साइड. मुळं, पालापाचोळा आणि माती वेगळी धरायची. माती सावकाश बदलते, म्हणून तिची घट सहसा २० वर्षांवर वाटतात. तोडलेलं रान तिथंच जाळलं तर मिथेन, नायट्रस ऑक्साइडही आलाच. नवी झाडं वाढताना जो कार्बन ओढून घेतात, तो मात्र वजा होतो.

खरी गोम आहे क्षेत्र मोजण्यात. एक हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांचं छत्र १० टक्के असलं, की भारतीय वन सर्वेक्षण ती वनाच्छादनात धरतं. मालक कोण, झाड कुठलं, हे त्यात बघत नाहीत. त्यामुळे जुनं रान जाऊन दाट बाग उभी राहिली, तर एकूण आकड्यात ही तोड दिसेलच असं नाही. म्हणून उपग्रहाच्या चित्राबरोबर जागेवर जाऊन झाडांचा घेर मोजावा लागतो, सातबाऱ्यावरची पीकनोंदही ताडून पाहावी लागते.