शिलालेख, कोळसा आणि दातांवरच्या रेघा

नाशिकहून मुंबईकडे जाताना डावीकडे त्रिरश्मीचा डोंगर लागतो. डोंगरात 24 लेणी आहेत. त्यांतल्या दहाव्या लेण्याच्या अंगणातल्या भिंतीवर एक झिजलेला लेख आहे, आणि वर चढून येणाऱ्या बहुतेकांची नजर त्याच्यावरून तशीच पुढे जाते. आभीर राजा ईश्वरसेन याच्या राज्याच्या नवव्या वर्षी, म्हणजे साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात, विष्णुदत्ता नावाच्या शक घराण्यातल्या एका उपासिकेनं तो कोरून घेतला. गोवर्धनच्या कारागीर श्रेणींकडे तिनं कायम ठेव ठेवली. कुलरिकांकडे, म्हणजे बहुधा कुंभारांकडे, एक हजार कार्षापण आणि पाण्याची यंत्रं करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे दोन हजार. पुढची अक्षरं अर्धवट गेली आहेत, पण तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीचं नाव अजून वाचता येतं. मुद्दल कायम राहायचं आणि त्याच्या व्याजातून या डोंगरावर राहणाऱ्या आजारी भिक्षूंना औषध मिळायचं.

आजाऱ्यांच्या औषधासाठी ठेव, तीही धंदेवाइकांच्या संघटनांकडे, आणि त्या व्यवहाराची दगडावर जाहीर नोंद! वैद्यकाच्या महाराष्ट्रातल्या इतिहासाला यापेक्षा भक्कम कागद कुठला हवा? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली नाशिकला आलं. त्याच्या सतराशे वर्षं आधी याच गावात रुग्णसेवेचा खर्च कुठून चालवायचा, याची व्यवस्था एका बाईनं लावून दिली होती.

पाठ्यपुस्तकात मात्र पोचला तो तिसऱ्या लेण्यातला लेख. सातवाहन राजा पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिनं तो कोरवला. आपला दिवंगत मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी यानं शक, यवन आणि पह्लवांचा नाश केला, क्षहरातांचा वंश निपटून काढला, हे ती त्यात अभिमानानं सांगते. राम, नहुष, ययाती अशा पुराणपुरुषांशी त्याची तुलना करते. गेलेल्या मुलाची आठवण राखणारी आई आणि राजवंशाची कीर्ती राखणारी राजमाता या दोघी त्या लेखात एकत्रच बोलतात. महाराष्ट्राची राजकीय स्मृती म्हणून ज्याकडे बोट दाखवावं, अशा सर्वांत जुन्या मजकुरांपैकी तो एक आहे.

लोकांनी यातलं काहीच लक्षात ठेवलं नाही. ब्राह्मी लिपी वाचणारे संपले आणि ही लेणी पांडवांची झाली. बुद्धमूर्तींना पांडवांची नावं मिळाली. खाली गोदावरीच्या काठी पंचवटी रामसीतेच्या कथेत रमलेली होतीच. गावानं आपला भूतकाळ सोडून दिला नव्हता. हाती होत्या त्या कथांतून त्यानं तो नव्यानं रचून घेतला होता, आणि त्या कथांमुळेच ही लेणी लोकांच्या ये-जेत राहिली. हे श्रेय नाकारण्याचं कारण नाही.

लेख पुन्हा वाचले गेले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते काम इतिहासाच्या प्राध्यापकांनी सुरू केलं नाही. 1860च्या आसपासच्या वर्षांत वेस्ट बंधूंनी नाशिकच्या लेखांच्या नकला उतरवल्या. त्यांतले ई. डब्ल्यू. वेस्ट हे रेल्वेतले अभियंता. मुंबईत याच सुमारास शिलालेखांचा सर्वांत मोठा ध्यास घेतला होता तो एका डॉक्टरनं. भाऊ दाजी लाड मूळचे गोव्याकडचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. 1851 साली ते तिथून बाहेर पडले. ते गरिबांना औषध देत आणि उरलेल्या वेळात रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत अजिंठ्याच्या, जुनागडच्या लेखांवर निबंध वाचत. 1861 पासून त्यांच्यासोबत जुनागडचे तरुण पंडित भगवानलाल इंद्रजी होते. देशभर हिंडून ठसे घेणं आणि अक्षर न् अक्षर पडताळणं हे भगवानलालांचं काम. 1883च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये पांडवलेण्यांवरचा जो तपशीलवार भाग आहे, तो त्यांच्याच मेहनतीवर उभा आहे. मधल्या काळात, 1874 साली, लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेसाठी रा. गो. भांडारकरांनी निबंध लिहिला तोही नाशिकच्याच लेखांवर.

भाऊ दाजींचा दुसरा ध्यास महारोगाचा होता. त्यांनी रुग्णांवर वर्षानुवर्षं उपचार करून पाहिले. औषधाची कृती त्यांनी जाहीर केली नाही, पण त्यात कडू कवठाच्या बियांचं तेल असावं असं मानलं जातं. सल्फोन गटातली औषधं 1940च्या दशकात येईपर्यंत जगभर महारोगावर याच वर्गातली तेलं वापरात होती. एकाच टेबलावर रुग्णाच्या नोंदी आणि शिलालेखाचे ठसे ठेवणारा हा माणूस आज डॉक्टरांना मुंबईतल्या संग्रहालयाच्या नावापुरता ठाऊक आहे आणि इतिहासवाल्यांना तळटिपेपुरता. त्याची दोन्ही कामं एकाच स्वभावातून आली होती. रोगाचं असो वा राजवंशाचं, लक्षण स्वतः पाहिल्याशिवाय निदान करायचं नाही, हा तो स्वभाव.

गौतमी बलश्रीच्या दाव्याचा पुरावा 1906 साली जमिनीतून वर आला. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. 13 हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला राजाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. मागच्या बाजूला बाण आणि वज्र, ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं पुन्हा ठसा मारलेला आहे: एकीकडे तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह. काही नाण्यांवर नहपानाचं नाक आणि ओठ त्या डोंगराच्या कमानींखालून अजून डोकावतात. जिंकलेल्या राजाचा पैसा वितळवण्यात वेळ घालवला नाही. त्यावर आपली खूण उमटवली आणि चालता केला. आईनं दगडावर केलेला दावा खरा होता, हे ठरलं ते अशा हजारो नाण्यांवरून.

पण लेख आणि नाणी फार तर दोन-सव्वादोन हजार वर्षं मागे नेतात. पतंजलीच्या महाभाष्यात नासिक्य येतं, टॉलेमीच्या भूगोलात नासिक येतं. त्याआधी इथे कोण राहत होतं?

हा प्रश्न घेऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे हसमुख धीरजलाल सांकळिया आणि शांताराम भालचंद्र देव 1950-51 साली गोदावरीच्या काठच्या मातीच्या गढीवर उतरले. त्याच मोसमात संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे इथेही त्यांनी उत्खनन केलं. नाशिकच्या गढीत मुसलमानी आणि मराठा काळाच्या थराखाली सातवाहन-रोमन काळ, त्याखाली काळी चकचकीत उत्तरी मृद्भांडी आणि सगळ्यात तळाशी गारगोटीच्या जातीच्या दगडाची चिमुकली हत्यारं आणि रंगवलेली खापरं निघाली. लाल खापरावर काळ्या रेघा, कोनदार वाडगे, तोटीची भांडी. जोर्व्याला हीच भांडी भरपूर मिळाली आणि पुढे साऱ्या दख्खनभर मिळत गेली. त्या लहानशा खेड्याचं नाव एका संस्कृतीला मिळालं. उत्खननाचा अहवाल 1955 साली छापला गेला.

भांड्यांची ओळख पटली. त्यांचं वय मात्र कळेना. खापरावर तारीख नसते, आणि लोखंडापूर्वीच्या या थरांत राजाचं नाव असलेलं नाणंही नसतं. शैलीवरून अंदाज करायचे आणि त्यावर वाद घालायचे, एवढंच हाती होतं.

उत्तर आलं ते कणांच्या भौतिकशास्त्रातून. अवकाशातून सतत येणारे विश्वकिरण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात. त्या टकरींत न्यूट्रॉन सुटतात. न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणूला लागला की कार्बन-14 तयार होतो. झाडं तो हवेतून घेतात. झाड मेलं की घेणं थांबतं, आणि आत असलेला कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होत जातो. शिकागोच्या विलार्ड लिबी यांनी 1949 साली या गणितावरून जुन्या वस्तूंची वयं काढून दाखवली. 1960 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मुंबईत विश्वकिरणांचा अभ्यास आधीपासून मुरलेला होता. होमी भाभांचं स्वतःचं नाव झालं तेच 1937 साली वॉल्टर हाइटलर यांच्यासह विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडून. 1945 साली त्यांनी उभ्या केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून फुगे सोडून आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरून कणांचा माग घेतला जात होता. तिथल्याच देवेंद्र लाल यांनी विश्वकिरणांतून पृथ्वीवर तयार होणाऱ्या समस्थानिकांकडे लक्ष वळवलं. संस्थेत रेडिओकार्बन प्रयोगशाळा उभी राहिली. शीला कुसुमगर, देवेंद्र लाल आणि आर. पी. सारना यांनी 1963 साली तिथल्या तारखांची पहिली यादी प्रसिद्ध केली. पुढे डी. पी. अग्रवाल यांनी या तारखा आणि जोर्वेसारख्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतींचं कोडं एकत्र बांधलं.

हे मोजमाप किती नाजूक असतं ते पाहण्यासारखं आहे. ताज्या लाकडातल्या एक ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला साधारण 14 अणू फुटतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतल्या कोळशात हा आकडा दहाच्याही खाली येतो. कोळसा धुऊन, मुळांचे तंतू वेचून, आम्लानं साफ करून त्याचा वायू करायचा आणि मोजणीच्या नळीत भरायचा. पण समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला सुमारे एक म्यूऑन वरून येतच असतो. हा कण छप्पर, भिंत, शिसं सगळं भेदून जातो, आणि त्याची टिचकी अणूच्या टिचकीसारखीच नोंदली जाते. म्हणून मुख्य नळीभोवती दुसऱ्या नळ्यांचं कडं करायचं. दोन्हींकडे एकदम नोंद झाली की तो बाहेरचा पाहुणा समजून आकडा सोडून द्यायचा. जे विश्वकिरण कार्बन-14 घडवतात, त्यांच्याच पोरांपासून तो वाचवून मोजावा लागतो.

जोर्वे भांडी सापडलेल्या नेवाशाचे नमुने अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात आणि मुंबईत तपासले गेले. इतर ठिकाणांचा कोळसाही येत राहिला. जोर्वे संस्कृती इसवी सनापूर्वी साधारण 1400 ते 700 या काळात बसली. दख्खनचा शेतकरी सम्राट अशोकाच्या हजार वर्षं आधी आपल्या घरात रंगीत तोटीच्या भांड्यातून पाणी ओतत होता, हे आता मतभेदाचं राहिलं नाही.

तो शेतकरी कसा जगला, हे हाडांनी सांगितलं. सांकळियांना हाडांचं महत्त्व लवकर उमगलं होतं. 1940च्या दशकात गुजरातेत लांघणजला सापडलेल्या मानवी अवशेषांसाठी त्यांच्यासोबत इरावती कर्वे होत्या. मोठा संग्रह मिळाला तो पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला. 1968 ते 1983 अशी तिथे मोसमामागून मोसम खोदाई झाली. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत तान्हं मूल, अशी दफनं एकामागून एक निघाली. प्रौढांची पावलं घोट्याखाली तोडलेली असत. असं का, यावर तर्क अनेक आहेत. गेलेला माणूस घर सोडून जाऊ नये म्हणून, हा त्यांतला सर्वांत जास्त बोलला जाणारा.

जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी हे सांगाडे डॉक्टर रुग्ण तपासतो तसे तपासले. दातावर एनॅमल चढत असताना मूल आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं, तर वाढ थांबते आणि दातावर आडवी रेघ राहते. एनॅमल नंतर बदलत नाही. तीन हजार वर्षांनीही त्या रेघेवरून त्या मुलानं हे कोणत्या वयात भोगलं ते काढता येतं. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमाराला इनामगावची चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या होत्या. शेती मागे पडून रानातलं अन्न वाढलं होतं. त्या उत्तर काळातल्या मुलांची वाढ खुंटलेली होती, हे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी पुढे इनामगाव, नेवासा आणि दायमाबादच्या बालसांगाड्यांवरून मांडलं. राजघराण्याच्या कोणत्याही प्रशस्तीत न येणारा हा इतिहास आहे, आणि दख्खनच्या दुष्काळाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकानं तो वाचायला हवा.

भाऊ दाजींचा महारोगही या वाटेवर पुन्हा भेटतो. उदयपूरजवळच्या बालाथलला डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी खोदलेल्या एका सांगाड्याच्या नाकाभोवतीची आणि टाळूची हाडं झिजलेली होती. रॉबिन्स शुग, वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि मिश्र यांच्यासह संशोधकांच्या गटानं 2009 साली तो महारोगाचा पुरावा म्हणून प्रसिद्ध केला. काळ इसवी सनापूर्वी सुमारे 2000. रोगाचं निदान वैद्यकाचं, वय अणूंच्या मोजणीचं आणि उत्खनन पुरातत्त्वाचं. एक धागा काढला तरी विधान कोसळतं.

नाशिकच्या वाट्याला मात्र यातलं अर्धंच आलं. गढी खोदली गेली तेव्हा देशात कार्बन मोजण्याची सोयच नव्हती. तिथल्या थरांची वयं खापरं आणि नाण्यांवरून ठरली. दरम्यान तंत्र बदललं. आता अणू फुटण्याची वाट पाहावी लागत नाही. कण-त्वरकातून थेट अणूच मोजले जातात, आणि अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत, दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात ती यंत्रणा आहे. पूर्वी मूठभर कोळसा लागायचा, आता जळका जवाचा एक दाणा पुरतो.

गढीवर आज दाट वस्ती आहे. पावसाळ्यात मातीचा कडा सुटतो आणि वरच्या घरांची काळजी सुरू होते. ती काळजी पहिली, यात शंका नाही. पण कडा बांधून काढण्याचं काम हाती घेताना मातीचा उभा छेद आधी साफ करून नोंदवला पाहिजे, आणि प्रत्येक थरातला कोळसा, धान्य, हाडं वेगळ्या पिशव्यांत भरून घेतली पाहिजेत. त्याला फार मोठं उत्खनन लागत नाही. एक पुरातत्त्वज्ञ, हाडं ओळखणारा एक माणूस आणि प्रयोगशाळेशी आधी झालेलं बोलणं, एवढं लागतं. सिमेंटची भिंत चढली की तो छेद पुन्हा कुणाला दिसणार नाही.